गाळ-खत ओढून झाल्यावर डंपिंग ट्रॉलीची साफसफाई आणि देखभाल

एप्रिल-मे हे डंपिंग ट्रॉलीचे सगळ्यात कष्टाचे दिवस. उकिरड्यातले शेणखत, कोंबडखत, साखर कारखान्याची प्रेसमड (रस गाळून उरलेला चिकट गाळ), तलावातला गाळ, वाटेवर टाकायचा मुरूम, सगळे याच दिवसांत ओढले जाते. २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू झाल्यापासून गाळाच्या खेपा आणखी वाढल्या. मग पाऊस येतो, काम थांबते आणि कोपऱ्याकोपऱ्यांत खत-माती धरलेली ट्रॉली झाडाखाली तशीच उभी राहते. पत्रा कामाने झिजतो, पण कुजतो तो असा उभा राहून. म्हणून मृग लागण्याआधी, वाळायचा वेळ धरून, दोन दिवस ट्रॉलीसाठी मोकळे ठेवावेत. आम्ही हे काम ज्या क्रमाने करतो तोच क्रम इथे दिला आहे, कारण यात क्रम चुकला की मेहनत वाया जाते.

ट्रॉली म्हणजे आपल्याकडची नेहमीची: ११ फूट लांब, साडेसहा फूट रुंद, २ फूट उंचीचे फाळके (चारही बाजूंच्या पत्र्याच्या भिंती), तळाला ४ ते ५ मिलिमीटरचा पत्रा, फाळक्यांना ३ मिलिमीटरचा आणि मध्ये तीन-चार टप्प्यांत उघडणारा हायड्रॉलिक जॅक. ट्रॉली एका एक्सलची असो की दोन, काम तेच.

पाण्याला सुरुवातीला हातच लावायचा नाही. गाळ म्हणजे बारीक चिकणमाती. तिच्यावर पाणी मारले की तिचे पातळ पीठ होते आणि ते तळाचा पत्रा व आडव्या चॅनेलच्या मधल्या फटीत शिरून बसते. तिथून ते परत निघत नाही. पावसाळाभर ओल धरून राहते आणि पत्रा खालून खाते. वरून पत्रा चांगला दिसतो आणि एक दिवस पायाखाली दबतो, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. म्हणून आधी सगळे कोरडे खरवडायचे. फावड्याने मोठे थर, मग कोपऱ्यांना खुरपे, शेवटी खराटा. फाळक्याच्या बिजागऱ्या, मागच्या फाळक्याची खाच, खिट्ट्यांची भोके आणि पुढच्या फाळक्याचा तळाशी असलेला सांधा या जागा खुरप्यानेच साफ होतात. चिकटलेला माल पाडायला खालून घण मारू नये. घणाने पत्र्याला पोचा येतो, पोच्यात पुढच्या वेळी माल अधिक चिकटतो, मग घण अधिक मारावा लागतो. वाळलेली काँक्रीट चिकटली असेल तर छिन्नी आडवी धरून हळूहळू सोडवावी. खरा उपाय मात्र काँक्रीट ओतल्यावर घट्ट होण्याआधी लगेच धुणे हाच.

खरवडून झाले की हौदा, म्हणजे माल भरायची पेटी, उचलून खालची बाजू बघायची. इथे थोडे थांबून सांगतो, कारण या कामात माणसे मरतात. उचललेल्या हौद्याखाली फक्त हायड्रॉलिकच्या भरवशावर डोके घालायचे नाही, अगदी दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. होज (तेलाची रबरी नळी) फुटला, कपलिंग (नळीचा जोड) सुटले किंवा कोणी चुकून लिव्हर हलवली, तर हौदा खाली यायला क्षणभर लागतो आणि ओरडायलाही वेळ मिळत नाही. हौदा रिकामा हवा, ट्रॅक्टर सपाट आणि घट्ट जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावलेले. मग लोखंडी टेकू. तो चेसिसच्या चॅनेलवर उभा राहून हौद्याच्या आडव्या चॅनेललाच लागला पाहिजे, पत्र्याला नव्हे. टेकू लागला की लिव्हरने हौदा हलकेच त्यावर बसवायचा, इंजिन बंद करायचे आणि किल्ली खिशात ठेवायची. ट्रॉलीसोबत कंपनीचा टेकू आला नसेल तर चांगल्या वेल्डरकडून जाड पाइपाचा करून घ्यावा, एका टोकाला बिजागरी देऊन चेसिसलाच जोडलेला, म्हणजे तो घरी विसरला जात नाही. लाकडी ओंडका किंवा विटांची चवड टेकू म्हणून चालत नाही. ओंडका निसटतो, वीट फुटते.

खालच्या बाजूला माती साचते ती मुख्यतः उघडे तोंड वर असलेल्या चॅनेलमध्ये, जॅकच्या बुडाशी आणि पाट्यांच्या (स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या) थरांत. तीही आधी कोरडीच काढायची.

आता पाणी. जागा मुरमाड आणि उताराची, विहिरीपासून व बोअरपासून लांब. खताचे धुवण बांधातल्या झाडांना किंवा उकिरड्यात गेले तरी चालते, ग्रीस-तेलाचे धुवण मात्र तिकडे सोडू नये. म्हणून ग्रीसचे गोळे आधी चिंधीने पुसून वेगळे करावेत. फवारणीचा एचटीपी पंप या कामाला पुरेसा आहे. सर्व्हिसिंग सेंटरवरचा मोठा प्रेशर पंप वापरत असाल तर नोझल किमान एक-दीड फूट लांब ठेवा आणि हबचे (चाकाच्या मधल्या तुंब्याचे) सील, जॅकच्या टप्प्यांचे पॅकिंग, होजची टोके आणि दिव्यांचे सॉकेट यांच्यावर सरळ फवारा धरू नका. जोराचे पाणी सीलची ओठासारखी कड उचलून आत जाते. ते हबमध्ये गेले की ग्रीसचे पांढरट लोणी होते आणि दोन महिन्यांनी बेअरिंग गुणगुणायला लागते, तेव्हा कोणाला धुण्याची आठवणही येत नाही. धुताना वरून खाली यायचे: फाळके, तळ, चेसिस, पाटे, चाके. साबण साधा, भांडी किंवा कपडे धुण्याचा. ॲसिड नको. डिझेलचा फवाराही नको; तो पाट्यांवर मारायची पद्धत जुनी आहे, पण डिझेल ग्रीस धुऊन काढते आणि टायर-होजचे रबर खराब करते.

कशाची वाहतूक झाली त्यावर धुण्याची घाई ठरते. मुरूम आणि माती दोन दिवस थांबू शकतात. कोंबडखत थांबत नाही: त्यातले क्षार ओल धरून ठेवतात, आणि त्यातून निघणारा अमोनिया तांब्या-पितळेला खातो. ट्रॉलीच्या वायरी टोकाला हिरव्या पडतात आणि इंडिकेटर बंद पडतो तो यामुळेच. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे क्लोराइड, मिठाचाच भाऊ; फाटलेल्या पोत्यातून सांडलेला मूठभर खडाही कोपऱ्यात राहू देऊ नये. कोकणात खाडीकाठची माती-वाळू ओढणाऱ्यांनी तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवावे. प्रेसमड ओली, चिकट आणि गंधकयुक्त असते. ती वाळली की तिचा पापुद्रा पत्र्याला धरून बसतो, म्हणून शेवटची खेप पडली की लगेच खरवडणे सोपे जाते.

धुऊन झाल्यावर मागचा फाळका उघडून हौदा अर्धा उचलून ठेवला, अर्थात टेकू लावून, की पाणी निथळते. तळाच्या चार कोपऱ्यांत १० ते १२ मिलिमीटरची निचऱ्याची भोके असतील तर ती तारेने मोकळी करावीत. नसतील तर पाडून घ्यावीत. कडा कानसने गुळगुळीत करून लगेच प्रायमर लावावा. मग उन्हात वाळू द्यायचे.

वाळलेली स्वच्छ ट्रॉली ही तपासायची खरी वेळ, धुण्याचा अर्धा हेतू तोच. भेगा नेहमी ठरावीक जागी पडतात: मागच्या बिजागरीच्या बुडाशी, जॅक ज्या आडव्या चॅनेलला वर लागतो तिथल्या वेल्डिंगला, ट्रॅक्टरला जोडायची पुढची दांडी चेसिसला मिळते त्या कोपऱ्यात आणि पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ. रंगातून केसाएवढी तांबूस रेघ दिसली तर ती भेग समजूनच रंग खरवडावा. नुसती वरून वेल्डिंगची रेघ ओढली तर भेग खालून पुढे चालत राहते. भेगेच्या टोकाला ५-६ मिलिमीटरचे भोक पाडायचे, म्हणजे ती तिथे थांबते. मग ग्राइंडरने भेगेचा व्ही काढून भरायची. भार घेणाऱ्या जागी ७०१८ नंबरची रॉड, आणि ती कोरडी हवी. ओल धरलेल्या रॉडने वेल्डिंगमध्ये बारीक छिद्रे राहतात. वेल्डिंगआधी ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडावी आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावावा. तो लांब कुठेतरी लावला तर करंट बेअरिंगमधून किंवा जॅकच्या गुळगुळीत टप्प्यांमधून जातो आणि तिथे बारीक खड्डे पडतात. दांडीचा हूक आणि त्याची गोल कडी मात्र वेल्डिंगने भरू नये. कडी आतून झिजून लक्षात येण्याइतकी पातळ झाली की नवी घालावी. भरलेल्या गाडीचा सगळा ओढा त्या एका कडीवर असतो.

मग चाके. एक्सलखाली चाक उचलायचा साधा जॅक व घोडी (लोखंडी स्टँड) लावून चाक उचलायचे, वर-खाली धरून हलवायचे. खडखड लागली तर बेअरिंग सैल आहे. फिरवताना खरखर आली तर हब खोलायचाच. टोपी, स्प्लिट पिन, नट, वॉशर, बाहेरची बेअरिंग असे क्रमाने काढून स्वच्छ कापडावर मांडावे. बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन वाळवावी. हवेच्या फवाऱ्याने ती गरगर फिरवू नये, कोरडी बेअरिंग अशी फिरवली की खराब होते, सुटून लागूही शकते. रोलर निळे-तपकिरी झाले असतील तर ती तापली आहे. खड्डे दिसले तर बदलावी, आणि बदलताना आतला कोन व बाहेरचा कप दोन्ही बदलावेत. जुन्या कपात नवी बेअरिंग टिकत नाही. दुकानात जाताना अंदाजाने माप सांगू नका, बेअरिंगवर कोरलेला नंबर टिपून न्या. नवे ग्रीस लिथियमचे, एपी-३. तळहातावर घेऊन ते रोलरच्या मधून दुसऱ्या बाजूला येईपर्यंत दाबायचे. हबच्या पोकळीत मात्र अर्ध्याहून कमी. गच्च भरले तर तापल्यावर ते सील ढकलून बाहेर येते. ऑइल सील प्रत्येक वेळी नवे घाला, त्याची स्प्रिंग असलेली बाजू आत. नट आवळताना चाक फिरवत राहायचे. चाक जड झाले की नट थोडा मागे घेऊन जवळच्या भोकात नवी स्प्लिट पिन घालायची. चाक मोकळे फिरले पाहिजे, पण डुलता कामा नये. पहिल्या भरलेल्या खेपेनंतर हबवर हात ठेवून बघा: कोमट ठीक, चटका बसला तर आवळणी जास्त झाली आहे.

चाकांचे नट समोरासमोरच्या जोडीने आवळायचे आणि साधारण ५० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. नटाभोवती गंजाची पावडर दिसली तर तो सैल चालला आहे.

पाट्यांचे यू-बोल्ट हा फार दुर्लक्षित भाग. ते सैल झाले की सगळा ताण मधल्या सेंटर बोल्टवर येतो, तो तुटतो आणि एक्सल एका बाजूला सरकतो. ट्रॉली रस्त्यावर तिरकी चालते आणि टायर एका कडेने खरवडल्यासारखे झिजतात. लोक टायरवाल्याला दोष देतात. तपासायला टेप पुरते. हूकच्या कडीपासून एक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंतची मापे घ्यायची, ती सारखी आली पाहिजेत.

आता जॅक आणि तेल. जॅक पूर्ण उघडून, टेकूवर असताना, प्रत्येक टप्पा स्वच्छ कोरड्या कापडाने पुसायचा आणि त्यावर त्याच हायड्रॉलिक तेलाचा पुसट हात फिरवायचा. टप्प्यांवर ग्रीस कधीही लावू नये. ग्रीसवर धूळ बसते, ती धूळ पॅकिंगखाली जाऊन पॉलिश पेपरसारखी घासते. ग्रीस लागते ते जॅकच्या वरच्या-खालच्या पिनांना, मागच्या बिजागऱ्यांना, पाट्यांच्या पिनांना आणि दोन एक्सलच्या ट्रॉलीत टर्न टेबलला (पुढचा एक्सल वळतो त्या चकतीला). ही ग्रीसिंग धुतल्यानंतरच करायची, म्हणजे आत गेलेले पाणी जुन्या ग्रीससोबत बाहेर पडते. नवे ग्रीस कडेने दिसेपर्यंत गन मारायची. निप्पल ग्रीस घेत नसेल तर ते काढून भोक साफ करा. नुसते निप्पलभोवती ग्रीस फासून काही होत नाही.

ट्रॅक्टरच्या तेलाची पातळी हौदा पूर्ण खाली असतानाच बघायची. जॅकचा सरासरी व्यास ११ सेंटिमीटर आणि उघडण्याची लांबी १३० सेंटिमीटर धरली तर उचलताना सुमारे १२ लिटर तेल ट्रॅक्टरमधून जॅकमध्ये जाते. पातळी आधीच कमी असेल तर पंप हवा ओढतो, आवाज करतो आणि हौदा अर्ध्यावर थांबतो. हौदा वर असताना तेल भरले तर उलट होते: हौदा खाली आला की परत आलेले तेल जागा न मिळून ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या भोकातून) किंवा सीलमधून बाहेर पडते. तेल ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेल्याच प्रकारचे हवे. एकच ट्रॉली दोन-तीन ट्रॅक्टरला लागत असेल तर जॅकमधले तेल एकातून दुसऱ्यात जातेच, म्हणून त्या सगळ्यांत एकाच प्रकारचे तेल ठेवणे शहाणपणाचे. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी आहे; पाणी आणि माती येते ती बहुतेक वेळा उघड्या कपलिंगमधून. होज सोडल्यावर तो जमिनीवर फरफटू देऊ नये. दोन्ही तोंडांना टोप्या घालाव्यात, दांडीवर एक हूक वेल्ड करून होज त्यावर अडकवावा, आणि जोडताना दोन्ही तोंडे पुसावीत. या पुसण्याने पंपाचे आयुष्य वाढते.

होजचे वरचे रबर तडकून आतली तारेची जाळी दिसली की बदलायचा, टेप गुंडाळून चालवायचा नाही. गळती हाताने चाचपू नये. दाब १५० बारच्या पुढे असतो आणि सुईच्या भोकातून निघालेले तेल कातडीत घुसते. जखम क्षुल्लक दिसते पण ती तातडीने दवाखान्यात दाखवण्याची असते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघावे.

जॅकचे दुखणे कुठे आहे हे थोडे लक्ष दिले तर कळते. एकाच दिशेने दाबाने उघडणाऱ्या या जॅकमध्ये पॅकिंग गेले तर तेल बाहेर दिसते. बाहेर थेंब नाही आणि तरी हौदा हळूहळू बसत येत असेल, तर दोष ट्रॅक्टरच्या व्हॉल्वमध्ये शोधा. जॅकजवळ बंद करायचा कॉक असेल तर खात्री लगेच होते: हौदा रिकामाच थोडा उचलून, टेकू उभा करून, कॉक बंद करा, बसणे थांबले तर जॅक निर्दोष. हौदा झटके देत वर जात असेल तर आत हवा आहे. रिकामा हौदा चार-पाच वेळा सावकाश वर-खाली केला की पुष्कळदा हवा निघते. जॅकवर हवा काढायचा स्क्रू असेल तर हौदा खाली बसलेला असताना, इंजिन मंद ठेवून, स्क्रू किंचित सैल करावा आणि बुडबुडे थांबले की आवळावा, तोंड लांब ठेवून. टप्पे उघडताना आधी जाड, मग बारीक असा क्रम असतो. बारीक टप्पा आधी निघाला तर जाड टप्पा माती किंवा वाकण्यामुळे अडला आहे; तसाच माल उचलू नका. आणि रिकामा हौदा वरून खाली येतच नसेल तर आधी कपलिंग पूर्ण बसले आहे का ते बघा, मग मागच्या बिजागरीच्या पिना. त्या गंजून धरल्या असतील तर रिकाम्या हौद्याचे वजन त्यांना हलवायला पुरत नाही. अशा वेळी हौद्याला ढकलायला किंवा लटकायला कोणीही जाऊ नये.

रंग सगळ्यात शेवटी. गंज तारेच्या ब्रशने चकाकेपर्यंत काढावा, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावे आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर लावावा. रात्रभर उघडा ठेवलेला पत्रा दमट हवेत पुन्हा तांबूस होतो. हौद्याची आतली बाजू साधारण १३ चौरस मीटर भरते, म्हणजे एका हाताला दीड लिटर प्रायमर. आतला रंग पहिल्याच मुरमाच्या खेपेत खरवडतो, म्हणून महागडा इनॅमल आत घालवू नका. तो बाहेरच्या बाजूला, आणि त्याहून जास्त खालच्या चॅनेलच्या आतल्या कोपऱ्यांना द्या, जिथे कोणी बघत नाही. तळाला जळके ऑइल फासण्याची सवय सोडावी: त्यावर धूळ चिकटते आणि तेच ऑइल खतासोबत शेतात जाते. ओला गाळ चिकटू नये म्हणून भरण्याआधी तळावर कोरडी वाळू किंवा भुसा शिंपडला तर काम होते. माल न चिकटणे हा सुरक्षिततेचाही भाग आहे, कारण वर गेलेल्या हौद्यात माल एका बाजूला चिकटून राहिला की ट्रॉली त्या बाजूला कलंडते.

मागचे लाल रिफ्लेक्टर आणि चमकती पट्टी पुसून बघा, उखडली असेल तर रंग वाळल्यावर नवी लावा. पावसाळ्यासाठी उभी करताना हौदा पूर्ण खाली, म्हणजे जॅकचे टप्पे आत झाकलेले राहतात. मागचा फाळका चार बोटे उघडा, पुढची दांडी ठोकळ्यावर किंचित उंच, म्हणजे पाणी मागे वाहते. एक्सलखाली घोड्या देऊन टायर जमिनीपासून उचलावेत. ऑक्टोबरात पहिल्यांदा जोडताना हौदा रिकामाच दोन-तीन वेळा पूर्ण उचलून खाली घ्यावा, तेलाची पातळी पुन्हा बघावी, नट पुन्हा आवळावेत आणि मगच पहिला माल भरावा, तोही अर्धाच.